दोन सेकंदांनी हरलात? घड्याळ सोडा, आधी समोरच्याच्या ढाबळीचं अंतर तपासा

रेसिंग होमर, म्हणजे शर्यतीची कबुतरं, उडवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. लांबलचक होईल पण पूर्ण वाचा, कारण माझ्या मादीचा पहिला नंबर ज्या रकान्यातून चोरला गेला त्या रकान्याकडे शर्यतीत कुणीच बघत नाही.

नवीन लोकांना आधी एवढं सांगतो की कबुतरांच्या शर्यतीला फिनिश लाइन नसते. सगळे पक्षी एकाच जागेवरून सुटतात पण प्रत्येक जण आपापल्या ढाबळीत उतरतो, म्हणजे जितक्या ढाबळी तितक्या फिनिश लाइन. त्यामुळे घड्याळात आधी कोण आलं यावर नंबर ठरतच नाही, सुटण्याच्या जागेपासून ढाबळीपर्यंतचं अंतर भागिले उडायला लागलेली वेळ, असा मीटर पर मिनिट वेग काढतात आणि ज्याचा जास्त तो पहिला. वेळ येते क्लॉकमधून, म्हणजे पक्षी आल्याची वेळ नोंदवणाऱ्या घड्याळातून, आणि अंतर येतं क्लबच्या यादीतून. वेळेवरून लोक हमरीतुमरीवर येतात, अंतर मात्र एकदा यादीत बसलं की वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं.

आता माझी शर्यत. तीनशे किलोमीटरच्या वरचा टप्पा, समोरून वारा, आणि माझी निळी चेकर मादी एकटीच आली आणि छपरावर न बसता सरळ ट्रॅपमधून, म्हणजे ढाबळीत शिरायच्या दारातून, चिप वाचणाऱ्या पॅडवर. ज्यांनी पक्षी पाळलेत त्यांना माहितीये ही गोष्ट आपोआप होत नाही, पिल्लू असल्यापासून शिट्टी आणि दाण्यावर तयार करावं लागतं, कारण पक्षी छपरावर बसून पंख साफ करत राहिला तर क्लॉकच्या दृष्टीने तो आलेलाच नसतो, पायातली चिप पॅडवरून गेली की मगच नोंद. तर माझं अंतर ३१२.४८० किलोमीटर, वेळ ४ तास २१ मिनिटं ७ सेकंद, वेग ११९६.७०६. आणि पहिला आलेल्या नराचं अंतर ३१५.९१०, वेळ ४ तास २३ मिनिटं ५७ सेकंद, वेग ११९६.८५५. फरक ०.१४९. सेकंदात सांगायचं तर साधारण दोन सेकंद.

दोन सेकंदांनी हरणं वाईट असतं पण ते खेळातच आहे, मी त्या नराच्या मालकाला फोन करून अभिनंदन पण केलं. मग संध्याकाळी रिझल्टशीट परत बघताना त्याच्या ढाबळीचे अक्षांश-रेखांश दिसले आणि मला आठवलं की अरे याने तर मागच्या सीझनच्या आधी ढाबळ हलवली. जुनी पाडून रस्त्याच्या पलीकडे मोकळ्या प्लॉटवर नवीन बांधली, सगळ्यांना माहीत आहे, आम्ही बघायला पण गेलो होतो. ते आकडे मॅपवर टाकले तर पिन पडली जुन्या जागेवर. आणि नवीन जागा त्या रूटवरच्या सुटण्याच्या ठिकाणाला जवळ आहे, सुमारे १४० मीटरने जवळ. म्हणजे पक्षी उडाला कमी आणि हिशोबात धरलं जास्त.

१४० मीटर म्हणजे किती ते बघा. या वेगाने पक्षी एका सेकंदात जवळपास २० मीटर जातो, म्हणजे ७ सेकंद फुकट मिळाले. त्याचं खरं अंतर ३१५.७७० धरलं की वेग येतो ११९६.३२५, आणि माझी मादी पाच सेकंदांनी पुढे. छपरावर न बसता आत यावं म्हणून आम्ही पक्ष्यावर जी मेहनत घेतो ती याच सेकंदांसाठी असते हो, आणि इथे एका आकड्यात सात सेकंद आले.

आक्षेप घेतला. तर क्लबचा रिझल्ट बनवणारा माणूस, जो त्या मालकाचा या धंद्यातला पार्टनर आहे हे मला नंतर कळलं, त्याने अंतराचं नावच काढलं नाही, मालकाच्या क्लॉकची प्रिंट पुढे केली. ‘दादा बघा, बास्केटिंगच्या वेळी (शर्यतीआधी पक्षी बास्केटमध्ये भरताना) जीपीएसवर सेट, रीडिंगच्या वेळी (शर्यतीनंतर क्लॉक वाचताना) परत जीपीएसला लावलं, फरक शून्य.’ प्रिंट खरंच स्वच्छ होती. आजूबाजूचे सगळे म्हणाले मग झालं की. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून रबर रिंगचा काळ आहे, तेव्हा पक्षी आला की पायातली रबर रिंग काढून मेकॅनिकल क्लॉकमध्ये टाकायची आणि ठोका मारायचा, शर्यतीच्या आधी आणि नंतर सगळी क्लॉक मास्टर टायमरशी जुळवायची, कुणाचं पुढे गेलं कुणाचं मागे पडलं ते त्या प्रमाणात वजा-अधिक करायचं. तेव्हा लबाडी व्हायची ती घड्याळात, म्हणून अजूनही संशय आला की लोक घड्याळ बघतात, ते बरोबर निघालं की समाधानी. या लोकांना ते चांगलं माहीत होतं.

मी म्हटलं क्लॉक ठीक आहे, मला त्याच्या ट्रॅपसमोर उभं राहून जीपीएस रीडिंग घ्यायचंय. तर आधी म्हणे पक्षी आजारी आहेत बाहेरच्या माणसाला आत घेत नाही. मग म्हणे जीपीएसमध्ये दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतंच, त्यावरून एवढं काय. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल सुद्धा काही मीटरच्या आत जागा दाखवतो, १४० मीटरची चूक मशीन करत नाही.

तरी मला वाटत होतं की कदाचित खरंच यादी अपडेट करायची राहून गेली असेल, माणूस वाईट धरायचा नाही. म्हणून जपून ठेवलेल्या सगळ्या रिझल्टशीट काढून बसलो. आणि तिथे जे दिसलं ते वाचून माझे हात थरथरले. आमचे दोन रूट आहेत, जवळपास उलट दिशांचे. दुसऱ्या रूटवर ढाबळ हलवल्यामुळे त्याचं अंतर वाढतं. त्या रूटच्या सगळ्या शीटवर नवीन जागेचे आकडे होते! त्याच सीझनला, त्याच माणसाच्या, एकाच ढाबळीच्या दोन जागा, आणि दोन्ही वेळा त्याच्या फायद्याची. याला विसर म्हणत नाहीत. नवीन जागा यादीत आली म्हणजे त्याने कळवली होती, आणि कळवल्यावर ती एकाच रूटला लागू करायची हे कुणीतरी बसून ठरवलं.

अशी लबाडी पचते कारण ती छोटी असते. २०१७ मध्ये शांघायच्या एका मोठ्या शर्यतीत दोघांनी पक्षी दुधाच्या खोक्यात लपवून बुलेट ट्रेनने आणले होते, पण एवढ्या लवकर कबुतर येऊच शकत नाही म्हणून लगेच संशय आला आणि पुढच्या वर्षी कोर्टात शिक्षाही झाली. सात सेकंदांवर कुणाला संशय येणार? सात सेकंदांनी तर फक्त जिथे अगदी घासून फिनिश आहे तिथेच नंबर फिरतो, बाकी शर्यतीत तो माणूस पाचवा-दहावा येतो आणि सगळ्यांना प्रामाणिक वाटतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्या ढाबळींचे अक्षांश-रेखांश मागा, फक्त किलोमीटर नाही. अंश किती दशांशापर्यंत दिलेत ते बघा. चौथ्या दशांशातला एकचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ११ मीटर, अर्धा सेकंद. तीनच दशांश देऊन थांबले असतील तर नुसत्या राउंडिंगमध्ये पन्नासेक मीटर इकडेतिकडे होऊ शकतात, आणि ते कुणाच्या बाजूला जातील ते बनवणारा ठरवतो. काही जण अंश-मिनिट-सेकंद देतात तिथे सेकंदांचा आकडा दशांश म्हणून टाकायची गडबड होते, ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, ०.३० नव्हे, आणि अक्षांशातला एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा असतो तेव्हा हिशोब करा. अंतर काढायचं सूत्र पण सगळ्यांना एकच पाहिजे. पृथ्वी पूर्ण गोल धरून काढलेलं आणि खऱ्या चपट्या आकारावर काढलेलं अंतर तीनशे किलोमीटरला काही शे मीटरने वेगळं येऊ शकतं, त्यामुळे एकाचं एका पद्धतीने आणि दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीने असं झालं तर शर्यत तिथेच संपली. आणि सुटण्याच्या जागेचे आकडे शीटवर छापलेले नसतील तर पक्षी बास्केटमध्ये टाकू नका, कारण त्याशिवाय तुम्ही घरी काहीच पडताळू शकत नाही.

क्लॉकची प्रिंट अर्थातच मागायची, आधीची आणि नंतरची दोन्ही, पण ती बघून परत फिरू नका.

माझ्या अर्जाचं काय झालं तर आक्षेपाची मुदत संपली असं तोंडी सांगितलं, लेखी मागितलं तर दिलं नाही. पूलची, म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशांची, रक्कम त्यालाच गेली. पुढच्या सीझनच्या यादीत मात्र दोन्ही रूटला नवीन जागेचे आकडे आले, कुणाला न सांगता, आणि जुना रिझल्ट तसाच ठेवला. पूलचे पैसे गेले त्याचं मला इतकं नाही वाटत. त्या मादीने वाऱ्यात एकटीने जे करून दाखवलं ते रेकॉर्डवर दुसरं म्हणून राहिलं, ते रोज तिला दाणा टाकताना लागतं.

आणि अजून एक, हे विकत घेणाऱ्यांसाठी. त्या नराची पिल्लं पहिल्या नंबरची ब्लडलाइन म्हणून अजून विकली जातायत. कुणी घेत असाल तर नुसत्या सर्टिफिकेटवर जाऊ नका, त्या शर्यतीची पूर्ण रिझल्टशीट मागा आणि अंतराचा रकाना बघा. तिथे ३१५.९१० असेल तर ही तीच शर्यत.