आधी ‘संडे ब्लडी संडे’ पाहावा की ‘कोबाल्ट ब्लू’?

लातुरात आमच्या भागात कितीतरी घरांचा वरचा मजला अकरावी-बारावीच्या लेकरांना भाड्यानं दिलेला असतो. त्यामुळे घरी राहायला आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, ही ‘कोबाल्ट ब्लू’ची गोष्ट इथं फोड करून सांगावी लागत नाही. जिन्यावरची पावलं कुणाची, हे इथं खालच्या खोलीतही कळतं. सचिन कुंडलकरांची ही मराठी कादंबरी २००६ ची. सिनेमा २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला, हिंदी-इंग्रजीत, आणि गोष्ट कोचीला गेली.

‘संडे ब्लडी संडे’ हा सिनेमा १९७१ चा, दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर यांचा, लंडनमधला. डॅनियल हा ज्यू डॉक्टर आणि अ‍ॅलेक्स ही घटस्फोटित, नोकरी करणारी बाई. बॉब हा तरुण कलाकार दोघांचाही प्रियकर.

खरा फरक एवढाच, की लंडनमध्ये तिघांनाही सगळं ठाऊक आहे. कुणी चोरून भेटत नाही, कुणी पकडलं जात नाही. डॅनियल बॉबला भेटल्यावर त्याचं चुंबन घेतो आणि कॅमेरा त्याचा गाजावाजा करत नाही. प्रश्न उरतो तो अर्ध्या वाट्याला आलेल्या माणसाचं करायचं काय, हा. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भावाला बहिणीचं माहीत नाही, बहिणीला भावाचं नाही. तो मुलगा बहिणीला घेऊन निघून जातो, तेव्हा भावाला आपलं दुःख घरात कुणाला सांगताही येत नाही. ते तोंड दाबून सोसणं मला जास्त लागलं.

दोन्ही सिनेमे कायदा बदलल्यावर चार वर्षांनी आले, हे मला फार बोलकं वाटतं. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या आपसातल्या, खासगीतल्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का निघाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. मात्र ‘कोबाल्ट ब्लू’ घडतो १९९६ मध्ये, म्हणजे भीतीच्या काळातच. श्लेसिंजरनी भीतीला पडद्यावर जवळपास जागाच दिली नाही.

अभिनयात ‘संडे’ची तुलना नाही. पीटर फिंच (डॅनियल) आणि ग्लेंडा जॅक्सन (अ‍ॅलेक्स) दोघांनाही ऑस्करचं नामांकन होतं. भाच्याच्या धार्मिक समारंभात नातेवाईक डॅनियलच्या लग्नाचा विषय काढतात, तो प्रसंग पाहताना मला आपल्याकडचे लग्नाचे मांडव आठवले. ‘यंदा उरकून टाका’ म्हणणारे पाहुणे तिकडेही आहेतच.

एक तक्रार दोघांविरुद्ध. स्त्री-पुरुष दोघांवर प्रेम करणारा माणूस दोन्हीकडे शेवटी निघून जाणाराच आहे. ‘कोबाल्ट ब्लू’त तर त्याला नावही नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं, हे कुणीच नीट विचारलं नाही.

विशीतलं लेकरू रूमवर एकटं पाहणार असेल, तर त्यानं ‘कोबाल्ट ब्लू’ आधी पाहावा. भाषा आणि घर ओळखीचं आहे. जमलं तर आधी कादंबरी वाचावी, कारण तिथं बहिणीला स्वतःचा अर्धा भाग मिळतो, सिनेमात ती मागे पडते. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, अर्ध्यावर निभावून नेलेलं नातं ठाऊक असलेल्यांनी, ‘संडे’ निवडावा. तो संथ आहे, सबटायटल लावून, फोन बाजूला ठेवून पाहायचा. शेवटी डॅनियल थेट आपल्याकडे बघून बोलायला लागतो, तिथपर्यंत उठू नका.