बायोमेट्रिक हजेरीचं कायदेशीर पॅकेज: कागद चोख, मशीन वाऱ्यावर

अंगठ्याने किंवा चेहऱ्याने हजेरी घेणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी पुण्यातल्या एका वकिली फर्मने हे पॅकेज काढलंय. कामगारांसाठी सूचनापत्र, संमतीपत्र, मशीन पुरवठादाराशी करायच्या कराराचा मसुदा आणि तासभर सल्ला, एवढं त्यात मिळतं.

मुदतींची माहिती उत्तम. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, पण नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये आणि मालकाच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होणार मे २०२७पासून. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११चे नियम चालतात, आणि त्यांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील असल्याने लेखी संमती लागते. हे इतकं स्पष्ट सांगणारे सल्लागार कमीच. सूचनापत्राची मराठीही कामगाराला सहज कळेल अशी.

ठेकेदाराच्या माणसांबाबत मात्र मसुदा गप्प आहे. नव्या कायद्याचं कलम ७ नोकरीसंबंधी कारणांसाठी संमतीविना डेटा वापरू देतं. पण पगार ठेकेदार देतो आणि अंगठा तुमच्या गेटवर लागतो, तेव्हा ही सवलत तुमची धरून चालू नका. अशांची वेगळी संमती घ्या आणि नकार देणाऱ्याला हजेरीचं कार्ड द्या. फाउंड्रीत बोटं झिजलेल्यांनाही ते कार्ड लागतंच.

खरी उणीव मशीनची. संमतीपत्र म्हणतं, ‘नोकरी सुटताच माहिती पुसली जाईल.’ ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाव काढलं तरी बोटाचा टेम्प्लेट, म्हणजे ठशावरून बनवलेली डिजिटल नोंद, अनेकदा गेटवरच्या मशीनमध्ये तसाच राहतो. म्हणून हिशेब चुकता करायच्या दिवशीच मशीनच्या मेनूतून सोडून जाणाऱ्या कामगाराचा युजर आयडी काढा आणि त्याच माणसाला अंगठा टेकवायला सांगा. मशीनने नाकारलं, तरच नोंद गेली. पेनड्राइव्हवरचे जुने बॅकअपही तपासा. चेहऱ्याची काही मशीन दर पंचला, म्हणजे दर हजेरीला, फोटो साठवतात. ते सेटिंग बंद करा. मशीनसोबत कंपनीतून आलेला अॅडमिन पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेत हयगय झाली तर नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

पॅकेज घ्यावं, पण करारात दोन कलमं वाढवून मागा. डेटा फुटल्यास नव्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यावा लागणार, म्हणून पुरवठादाराने तुम्हाला २४ तासांत कळवावं. आणि दुरुस्तीला मशीन बाहेर जाण्याआधी त्यातला डेटा तुमच्यासमोर पुसावा.