पॅनेलच्या आत काय भरले आहे, ते आम्ही पाहिलेच नाही

आमच्या तालुक्याच्या गावात एका सार्वजनिक न्यासाने चालवलेले ५४० आसनांचे नाट्यगृह आहे. न्यासाचा कार्यवाह या नात्याने गेल्या वर्षीच्या नूतनीकरणाची देखरेख माझ्याकडे होती. त्या कामात आमची जी फसवणूक झाली ती तपशिलाने लिहीत आहे, कारण याच रीतीने दुसऱ्या एखाद्या संस्थेचे पैसे जाणे सहज शक्य आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोल्हापूरचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ सालापासूनची ती वास्तू जळताना पाहून आमच्या विश्वस्तांच्या मनात पहिला विचार आला तो आपल्या रंगमंचाचा, कारण आमचे पडदे जुनाट होते आणि विंगांमागच्या वायरी उघड्या पडल्या होत्या. नवे पडदे, नवी वायरिंग आणि भिंतींवर आवाज शोषून घेणारे पॅनेल असे काम ठरले. देणग्या गावातूनच जमल्या. एका महिला भजनी मंडळाने भिशीतले ११ हजार रुपये रोख आणून माझ्या हातात दिले, ते मी आजही विसरू शकत नाही.

तीन दरपत्रकांपैकी ४२ लाखांचे आम्ही स्वीकारले. ठेकेदाराने आधी केलेल्या दोन सभागृहांचे फोटो दाखवले होते आणि आम्ही त्यांवरच समाधान मानले. त्यांपैकी एका ठिकाणी त्याने केवळ रंगकाम केले होते, हे पुढे एका फोनवर कळले. तो फोन करार करण्यापूर्वी करायला हवा होता. ४० टक्के उचल, लाकडी सांगाडा उभा राहिल्यावर ३० टक्के, पॅनेल बसल्यावर २५ टक्के आणि काम पूर्ण झाल्यावर उरलेले ५ टक्के, असे हप्ते त्यानेच सुचवले व आम्ही मान्य केले. याचा अर्थ असा की, कामाची परीक्षा होण्याआधीच ३९ लाख ९० हजार रुपये त्याच्याकडे जाणार होते आणि आमच्या हाती जेमतेम २ लाख १० हजार उरणार होते.

५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नाट्यगृह पुन्हा सुरू करायचे असा आमचा आग्रह होता. ही तारीख आम्ही त्याला पहिल्याच भेटीत सांगितली आणि तिचा उपयोग त्याने शेवटपर्यंत करून घेतला. गणपतीत मजूर गावी गेले, ते परत आणायचे तर पैसे हवेत. दिवाळीआधी रक्कम जमा झाली नाही तर माल अडकेल. प्रत्येक वेळी निकड खरी वाटायची. मी परिचालकाच्या खोलीत बसून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो पाहायचो. त्यांत सांगाड्याच्या चौकटीत पिवळे ग्लासवूल, म्हणजे आवाज शोषणारा काचतंतूंचा थर, नीट भरलेले दिसायचे. ते फोटो खरेच होते, पण सगळे भिंतीच्या खालच्या दोन ओळींचे होते.

उद्घाटनाच्या तालमीला एक ज्येष्ठ नट रंगमंचाच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. ती मागच्या भिंतीवर आपटून स्पष्ट परत आली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काहीच न बोलता पुन्हा एकदा टाळी वाजवली. कार्यक्रम कसाबसा पार पडला, मात्र दहाव्या रांगेपासून मागे संवाद तुटक ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या सुतारकाकांनी शिडी लावून वरच्या ओळीतला एक पॅनेल उतरवला. कापडाच्या मागे थर्माकोल होता. थर्माकोल आवाज शोषत नाही, आणि आग लागली तर तो वितळून काळा धूर सोडत पेटतो. दरपत्रकात ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे ग्लासवूल लिहिले होते. ४ फूट बाय २ फूट पॅनेलमध्ये त्याचे वजन सुमारे १ किलो ८०० ग्रॅम व्हायला हवे. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर खालच्या ओळीतला थर तेवढा भरला. वरच्या पॅनेलमधला थर्माकोल पावणेचारशे ग्रॅमसुद्धा भरला नाही. हा हिशोब आणि हा काटा हप्ता देण्याआधी वापरता आला असता. ज्यांचे काम सध्या चालू आहे, त्यांनी पॅनेल स्वतः निवडावा, तोही छताजवळचा, आणि तो आपल्यासमोर उघडून घ्यावा.

मग पडद्याची शंका आली. करारापूर्वी त्याने मरून रंगाचा एक तुकडा आमच्यासमोर लायटरने पेटवून दाखवला होता आणि ज्योत बाजूला नेताच तो विझला होता. आता टांगलेल्या पडद्याच्या खालच्या शिवणीतून कापलेली पट्टी आम्ही अंगणात मेणबत्तीवर धरली, तर ती भडकली आणि पेटते काळे थेंब फरशीवर गळू लागले. पडद्यांच्या कापडासाठी आयएस १५७४१ हे भारतीय मानक आहे, पण आमच्या करारात फक्त ‘फायरप्रूफ’ एवढाच शब्द होता. त्याने दिलेले प्रमाणपत्र छायाप्रत होते, भलत्याच संस्थेच्या नावाचे आणि आमची खरेदी होण्याआधीच्या तारखेचे. दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र द्यावे लागते, तेवढ्यावर आपण निर्धास्त आहोत असे मला वाटत होते. पण ते पंप, नळ आणि विझवण्याच्या उपकरणांच्या देखभालीचे असते, पडद्याचे कापड कोणी जाळून पाहत नाही.

वायरिंग मात्र ठीक निघाली. ठेकेदार आता फोन उचलत नाही. पोलिसांनी आधी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. बनावट प्रमाणपत्र आणि काट्यावरच्या वजनाची नोंद दाखवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली आमचा अर्ज घेतला. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सर्व तारखा रद्द करून आगाऊ भाडे परत करावे लागले.

हे सगळे सांगायला मी भजनी मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे गेलो होतो. त्यांनी पट्टीचा जळका तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, “पैशाचं मागाहून बघू, आधी तो पडदा खाली उतरवा. आमच्या मुली तिथे नाचायला येतात.” त्याच संध्याकाळी आम्ही तो उतरवला.