डिझेल जेट्टा, 8,600 डॉलर आणि बोटावरची काजळी

मी गाड्यांमधला अडाणी नाही, हे आधीच सांगतो. सांगलीला आमची जीप होती, मग सुमो. नोझल, फिल्टर, पंप हे शब्द मी चौथीत असल्यापासून ऐकतोय. ‘डिझेल इंजिन म्हणजे दोन पिढ्यांची सोय’ असं वडील म्हणायचे आणि मी ते अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली तरी धरून बसलो होतो. म्हणूनच जास्त लाज वाटते. ज्याला काही कळत नाही तो निदान चार जणांना विचारतो.

मध्य न्यू जर्सीतून ऑफिसला रोज जाऊन-येऊन 110 मैल. 2023 च्या मार्चमध्ये जुनी कॅमरी गेली. मंडळातले सगळे म्हणाले, डोळे मिटून हायब्रिड घे. मला हवी होती डिझेल. इथे डिझेलची आवड पिकअप ट्रकवाल्यांना. कारमध्ये डिझेल म्हटलं की लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतात. ऑफिसातला एक साठीचा सहकारी अजून वडिलांच्या 1980 च्या ओल्ड्समोबिलला शिव्या घालतो. जनरल मोटर्सचं ते 5.7 लिटरचं डिझेल हेडचे बोल्ट तुटण्यासाठी आणि इंधनातलं पाणी वेगळं करायची सोयच नसल्यामुळे बदनाम झालं होतं, 1985 ला बंद पडलं. त्या एका इंजिनाने इथल्या एका पिढीचा डिझेलवरचा विश्वास उडवला. उलट त्याच काळातल्या डिझेल मर्सिडीज 300डी आजही रस्त्यावर दिसतात. मी अर्थातच मर्सिडीजचं उदाहरण लक्षात ठेवलं.

नंतर व्होक्सवॅगनने टीडीआय नावाच्या डिझेल गाड्या विकून पुन्हा गिऱ्हाईक जमवलं आणि सप्टेंबर 2015 मध्ये त्यांचं चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर पकडलं गेलं. तपासणीत गाडी सोवळी, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. कंपनीने लाखो गाड्या परत घेतल्या, काही दुरुस्त करून पुन्हा विकल्या. अशा दुरुस्त गाड्यांवर उत्सर्जन यंत्रणेची वाढीव वॉरंटी होती, हे मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचून पाठ केलं होतं. हुशारी नको तिथे पाजळली, दुसरं काय.

गाडी मिळाली पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या अलीकडे. 2015 ची व्होक्सवॅगन जेट्टा टीडीआय, 96,400 मैल, मागणी 9,200. माणूस साठीचा, बोलायला गोड, ‘घरची गाडी’ म्हणाला. अंगणात आणखी चार गाड्या होत्या, त्या म्हणे भावाच्या. (होय, मला दिसल्या होत्या.) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून पाहिलं तर कंपनीची दुरुस्ती झाल्याची नोंद होती. ती नोंद शंभर टक्के खरी होती. त्या दुरुस्तीनंतर काय झालं हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता तो क्षण. मी गाडीच्या मागे उकिडवा बसलो आणि सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवलं. वडील करायचे तसंच. बोट काळंकुट्ट झालं. मखमलीसारखी मऊ, कोरडी काजळी, पेराच्या रेघांत बसलेली. आणि मी, शहाण्याने, त्या माणसाकडे बघून हसलो. ‘डिझेल आहे!’ तोही हसला. मला खिशातला टिश्यू नव्हे, स्वतःच्या गाडीतला फडका आणून दिला.

या गाड्यांना डीपीएफ असतो, काजळी अडवणारी गाळणी. ती जागेवर असेल तर लाख मैल झालेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्येही पांढरा रुमाल फिरवला तरी जवळजवळ पांढराच निघतो. काळं बोट म्हणजे गाळणी फुटली किंवा कुणीतरी काढून टाकली. हे मी वाचलं होतं. खरंच वाचलं होतं! पण बोट काळं झालं तेव्हा डोक्यात सांगलीची जीप होती.

दुसरी खूण त्याने स्वतः तोंडाने सांगितली. निळ्या झाकणाच्या टाकीत जे डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव्य, भरावं लागतं, त्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, वर्षभरात थेंब भरला नाही. मला वाटलं, वा, किती काटकसरी गाडी. अहो, ते द्रव्य वापरणारी यंत्रणाच बंद केली तर खर्च कुठून होणार?

8,600 ला सौदा ठरला. 500 झेल ॲपने, बाकी बँकेचा कॅशियर्स चेक. ‘ॲज इज’, म्हणजे आहे तशी, नंतर तक्रार नाही, असं लिहिलेल्या कागदावर सही केली. 180 डॉलर देऊन मेकॅनिककडून आधी तपासून घेता आली असती, पण त्या माणसाने सांगितलं की संध्याकाळी दुसरा कुणीतरी येतोय. हे वाक्य ऐकलं की उठा आणि घरी जा. दुसरा कुणी येत नसतो.

न्यू जर्सीत विक्रीकर 569.75, टायटलचे, म्हणजे मालकीच्या कागदाचे, 60. नोंदणीनंतर चौदा दिवसांत तपासणी. तिथे गाडी नापास: गाडीचा संगणक म्हणे तपासणीला ‘तयार नाही’. शे-दोनशे मैल चालवून परत या. चालवली. परत नापास. मग 148 डॉलर देऊन गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं: डीपीएफच्या जागी साधा पाइप, वेल्डिंग अजून चकचकीत. थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरला पत्र्याची बंद पट्टी. सॉफ्टवेअर बदललेलं. इथे याला ‘डिलीट’ म्हणतात. सगळं मूळपदी आणायला 5,840. वॉरंटीचं विचारायला व्होक्सवॅगनवाल्यांकडे गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, जो भाग गाडीत नाहीच त्याची वॉरंटी कशी देणार. बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

आणि हे पेनसिल्व्हेनियात का खपलं? तिथे डिझेल गाड्यांना उत्सर्जन चाचणीतून सूट आहे. जाहिरातीत ‘इन्स्पेक्शन पास’ लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं! ती तपासणी ब्रेक आणि दिव्यांची. दुसऱ्या राज्यातली डिझेल घेत असाल तर त्या राज्यात काय तपासतात ते आधी बघा.

आता तक्रारीचं. पोलिसांनी दोन मिनिटांत ‘सिव्हिल मॅटर’, म्हणजे दिवाणी बाब, म्हणून वाटेला लावलं. एका राज्याच्या कार्यालयाने सांगितलं, विक्रेता आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्याने सात आठवड्यांनी पत्र पाठवलं: विक्रेता म्हणतो तो खासगी माणूस आहे, सबब प्रकरण बंद. अंगणात पाच गाड्या उभ्या करून विकणारा खासगी माणूस! मी फोटो जोडले होते, ते उघडले तरी का, देव जाणे. न्यू जर्सीचा जुन्या गाड्यांचा लेमन लॉ, म्हणजे खराब गाडी गळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकासाठीचा कायदा, सात वर्षांपर्यंतच्या आणि डीलरने विकलेल्या गाड्यांसाठी. माझी आठ वर्षांची. उत्सर्जन यंत्रणा काढणं केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे, म्हणून आणखी एका खात्याला फॉर्म भरला. आभाराचा ईमेल आला. आजतागायत तेवढाच. पेनसिल्व्हेनियाच्या छोट्या कोर्टात 12,000 पर्यंतचा दावा करता येतो; पण कागदावर त्याने दिलेला पत्ता निघाला भाड्याची टपालपेटी, आणि ज्या घरी गाडी पाहिली ते घर दुसऱ्याच्या नावावर. समन्स कुणाला लावायचं?

पंचवीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र, मिळतो, तो घेऊन जा. गाडी खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, गुडघे मळले तरी चालतील. डीईएफ शेवटचं कधी भरलं, पावती दाखव म्हणा. कागदावर ‘उत्सर्जन यंत्रणा मूळची, शाबूत’ एवढं एक वाक्य लिहून मागा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

एकूण 9,377 डॉलर 75 सेंट. रुपयांत मांडू नकोस, बायको म्हणाली. मी मांडले. पावणेआठ लाखांच्या आसपास.

गेल्या महिन्यात दुरुस्त न करताच विकायला काढली. जाहिरातीत सगळं खरं लिहिलं: गाळणी नाही, न्यू जर्सीत नापास, फक्त सुट्या भागांसाठी. वाटलं, कोण विचारतंय. पहिल्याच रात्री अकरा मेसेज आले. त्यातले नऊ पेनसिल्व्हेनियातून, आणि एकाने तर विचारलं, ‘डिलीट नक्की झालंय ना? असेल तर उद्याच येतो.’ त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.