संदेशाचे दान आजही आहे का? : ‘आर मिरॅक्युलस गिफ्ट्स फॉर टुडे?’ या पुस्तकाविषयी

एका प्रार्थनासभेत पाहुण्या उपदेशकांनी माझ्या शेजारच्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि “प्रभू म्हणतो, नाताळाच्या आत तुझ्या मुलाला नोकरी लागेल” असे सांगितले. ईस्टर उलटला तरी मुलगा घरीच होता, आणि आपलाच विश्वास कमी पडला असे मानून बाई झुरत राहिल्या. देवाचा संदेश थेट सांगण्याचे दान, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेली खास देणगी, आजही माणसांना मिळते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुरता केवळ पुस्तकी राहिला नाही, आणि त्याच ओढीने मी वेन ग्रुडेम यांनी संपादित केलेले हे इंग्रजी पुस्तक (झोंडरव्हन, १९९६) वाचायला घेतले.

यात चार अमेरिकन अभ्यासक आपापले मत मांडतात आणि प्रत्येक निबंधाला उरलेले तिघे उत्तर देतात. रिचर्ड गॅफिन यांच्या मते, इफिसकरांस पत्र २:२० नुसार प्रेषित आणि संदेष्टे हा मंडळीचा पाया आहे, आणि पाया एकदाच घातला जातो; म्हणून संदेशाचे दान आता बंद झाले आहे. दाने बंद झाली असे मानणारे अनेक जण १ करिंथ १३ मधल्या, ही दाने कधी संपतील हे सांगणाऱ्या ‘पूर्ण ते येईल’ या शब्दांचा अर्थ नव्या कराराची पूर्णता असा लावतात. गॅफिन मात्र तो सोपा आधार घेत नाहीत. तिथे ख्रिस्ताच्या पुनरागमनाचाच उल्लेख आहे, हे ते मान्य करतात. स्वतःच्या बाजूचा दुबळा पुरावा सोडून देण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

सॅम स्टॉर्म्स यांच्या मते दान चालू आहे, परंतु संदेश देणारा माणूस चुकू शकतो, म्हणून त्याच्या शब्दाला पवित्र शास्त्राचा अधिकार नाही. या मताचे अभ्यासक नव्या करारातील अगब या संदेष्ट्याचा दाखला देतात: यहूदी पौलाला बांधतील असे तो म्हणाला, प्रत्यक्षात बेड्या घातल्या त्या रोमी सरदाराने. एवढ्या तपशिलावरून अगब चुकला असे म्हणणे मला ओढूनताणून वाटते. तरीही वादाचे मूळ इथेच आहे, कारण दान चालू आहे की नाही हे ठरवण्याआधी ‘संदेश’ म्हणजे नेमके काय, हे ठरवावे लागते. रॉबर्ट सॉसी यांचा सावध मध्यममार्ग आणि पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर भर देणारे डग्लस ऑस यांचे पेंटेकॉस्टल मत वाचनीय असले तरी माझ्या प्रश्नाला त्यांतून फारसे उत्तर मिळाले नाही.

पुस्तकाची उणीव अशी की चर्चा मुख्यतः अमेरिकेतील मंडळ्यांभोवती फिरते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या देखरेखीखाली १९०५ साली संजीवन, म्हणजे मोठी आत्मिक जागृती झाली; पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम मानल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील संजीवनाच्याही एक वर्ष आधी. त्यामुळे मराठी वाचकाला ही चर्चा अपुरी वाटणे साहजिक आहे.

इंग्रजी अवघड आहे, तरी पाळकांनी निदान गॅफिन आणि स्टॉर्म्स यांचे निबंध उत्तरांसह वाचावेत. मी स्टॉर्म्स यांचे म्हणणे त्या बाईंना मराठीत सांगितले आणि १ थेस्सलनी ५:२०-२१ उघडून दाखवले. ‘सर्व गोष्टींची पारख करा’ या ओळीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे पारख त्यांच्या शब्दाची करायची होती, माझ्या विश्वासाची नाही.”