फादर कॉग्लिनची जुनी रेडिओ भाषणं : आवाजाला पाच स्टार, पुढचं वाचा

आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकला, वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला एक चर्च आहे, त्याच्या दगडी टॉवरवर केवढा तरी मोठा येशू कोरलाय. सहा वर्षं सिग्नलला थांबून बघतोय, पण चर्च बांधायला रेडिओ ऐकणाऱ्यांनी पैसे पाठवले होते हे आत्ता कळलं. मग तिथल्या फादर चार्ल्स कॉग्लिनची (स्पेलिंग बघून कफलिन म्हणू नका, मी महिनाभर म्हणत होतो) १९३० च्या दशकातली भाषणं नेटवर फुकट मिळाली, ती ऑफिसला जाता-येता ऐकली.

क्वालिटी यथातथा. खरखर भरपूर, मध्येच आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो, इयरफोन लावलात तर डोकं उठेल, गाडीत ठीक वाटतं. पण काय आवाज आहे राव! सुरुवात अगदी सावकाश, र घोळवत घोळवत, आणि मग एकदम असा चढतो की माझा एक्झिटच चुकला एकदा. १९२६ ला डेट्रॉइटच्या स्टेशनवर मुलांना धर्माच्या गोष्टी सांगायला बसलेला हा माणूस मंदी आल्यावर थेट बँकवाल्यांवर घसरला, आणि नोकऱ्या गेलेली माणसं रविवारी दुपारी रेडिओला चिकटायला लागली, ३ कोटी श्रोते असावेत असा अंदाज सांगतात. सीबीएस या बड्या रेडिओ नेटवर्कने १९३१ ला कार्यक्रम बंद केला तर गड्याने स्वतःच स्टेशनं जोडून नेटवर्क उभं केलं.

बँकांवरची भाषणं ऐकताना मीसुद्धा मान डोलवत होतो, खोटं कशाला बोलू. पण जरा वाचलं तर हा रेडिओवर चांदीचं चलन आणा म्हणून ओरडतोय आणि १९३४ च्या सरकारी यादीत याच्याच सेक्रेटरीच्या नावावर ५ लाख औंस चांदी! आधी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा भक्त, मग कट्टर वैरी. १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपला उमेदवार उभा केला, ९० लाख मतं नाही पडली तर रेडिओ सोडतो म्हणाला, २ टक्केही पडली नाहीत, सोडला खरा, पण दोन-तीन महिन्यांत परत हजर.

आणि मग २० नोव्हेंबर १९३८. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळून दहा-अकरा दिवस झालेले, आणि हा त्याच घोळवलेल्या आवाजात समजावतो की नाझी हे कम्युनिझमवरचं उत्तर आहे, आणि ख्रिश्चनांचा छळ झाला तेव्हा कुठे होतात. न्यूयॉर्कच्या एका स्टेशनने यानंतर त्याला हवेवर घ्यायला नकार दिला. १९४२ ला आर्चबिशपनी राजकारणावर बोलायचं नाही म्हणून गप्पच केलं, तरी १९६६ पर्यंत त्याच चर्चमध्ये फादर होता.

हे भाषण लागलं तेव्हा सांगलीहून आलेली आई मागे बसली होती, तिला इंग्रजी कळत नाही. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली, "असू दे की रे, काय गोड सांगतायत, कोण महाराज आहेत हे?"