पुण्यातील स्टुडिओ की सांगलीतील छापखाना : शेवटच्या वर्षाची उमेदवारी कुठे करावी?

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांपुढे उमेदवारीचे (इंटर्नशिपचे) दोन मार्ग असतात : पुण्यातील डिझाइन स्टुडिओ, किंवा सांगलीतच डिझाइनची कामे घेणारा छापखाना. मी दोन्ही ठिकाणी काम केलेले असल्यामुळे माझे मत अनुभवापुरतेच आहे, हे आधीच सांगतो.

स्टुडिओत शिस्त लागते, यात शंका नाही. फिग्मा या ऑनलाइन डिझाइन-साधनावर चौघांनी मिळून एकाच फाइलवर काम करणे, ब्रँडचे नियम पाळणे, आपल्या निवडीमागची कारणे मांडणे या गोष्टी तिथे लवकर अंगवळणी पडतात आणि पोर्टफोलिओलाही वजन येते. खोलीभाडे आणि खानावळीचा खर्च मात्र बऱ्याचदा घरून येणाऱ्या पैशांवरच भागवावा लागतो.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. मी ज्या स्टुडिओत होतो, तिथे उमेदवाराची ग्राहकाशी कधीच गाठ पडत नसे. दुरुस्त्या मधल्या माणसाकडून यायच्या, त्याही ‘शीर्षक मोठे करा’, ‘हिरवा बदला’ एवढ्याच. ग्राहकाला नेमके काय खुपले, हे विचारायची सोय नव्हती. त्यामुळे हात चालत राहिला, पण विचाराला खाद्य मिळाले नाही, आणि छापून आलेली वस्तूही क्वचितच पाहायला मिळाली.

छापखान्यात ग्राहक शेजारी खुर्ची ओढून बसतो. हळदीच्या एका लेबलवर मी पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घेतली होती, आणि पडद्यावर ती शोभूनही दिसत होती. व्यापाऱ्याने प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हातभर लांब धरले आणि आपले गिऱ्हाईक दुकानात फळीसमोर उभे राहून नाव वाचते, ते त्याला या अक्षरांत दिसणार नाही, असे शांतपणे सांगितले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे; पण पाकीट हातात घेणाऱ्याला आधी नाव, वजन आणि किंमत दिसायला हवी. अक्षरे गडद तपकिरी केली, तेव्हा त्या दुरुस्तीचे कारण मला ठाऊक होते.

मराठी मजकुराचे धडेही तिथेच मिळतात. श्रीलिपी या टंकप्रणालीत टंकलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते. छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटा निघाल्यावर काळ्या मजकुरात अशी चूक सापडली, तर निदान काळ्याची प्लेट तरी पुन्हा काढावी लागते. ही जबाबदारी अंगावर पडली की कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा छपाई) सोडायला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

छापखान्यात उणिवा आहेतच. लग्नसराईत पत्रिकांपुढे दुसरे काही सुचत नाही, आणि अक्षररचनेवर साधकबाधक बोलणारा ज्येष्ठ सहकारी मिळेलच असे नाही. ज्यांना ॲपचे इंटरफेस किंवा ॲनिमेशन करायचे आहे, त्यांनी पुण्याला जाणेच बहुधा योग्य ठरेल. परंतु पॅकेजिंग, जाहिरात किंवा पुस्तकांच्या मांडणीकडे ओढा असेल, तर पहिले सहा महिने सांगलीत आणि स्टुडिओ त्यानंतर, हा क्रम मला अधिक लाभाचा वाटतो. स्टुडिओच निवडायचा असेल, तर रुजू होण्यापूर्वी, ग्राहकाबरोबरच्या बैठकीत आपल्याला नुसते ऐकायला तरी बसू देतील का, एवढे स्पष्ट विचारून घ्यावे.